दंड कोणाच्या खात्यात?



मंदिराच्या ओट्यावर असो की लग्नाच्या मांडवात, हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणाच्या गाडीला नवी नंबर प्लेट बसली, कोणाच्या मोबाईलवर चलन आले, कोणाच्या मुलाला चौकात अडवले. हा पुरुषांचा विषय म्हणून आपण बहुतेक वेळा गप्प बसतो. पण गाडीची कागदपत्रे आपल्याच कपाटात असतात. दंडाचे पैसे आपल्याच महिन्याच्या हिशेबातून जातात. आणि घरातले माणूस सोलापूरहून रात्री वेळेत परतले नाही की दाराकडे डोळे लावून बसणाऱ्याही आपणच. म्हणून या विषयावर आपलेही काही मत असायला हवे. माझे आज मांडते आहे, पटले नाही तर जरूर सांगा.

आधी चालकांची बाजू ऐकू, कारण त्यांच्या रागात बरेच तथ्य आहे.

नंबर प्लेटचेच बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायचे फर्मान आपल्या राज्यात निघाले. हेतू चांगला आहे. या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि एकदा बसवली की मोडल्याशिवाय निघत नाही. चोरीची गाडी खोटी प्लेट लावून पळवणे त्यामुळे अवघड होते. दर ठरला दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीचे ५३१ आणि चारचाकीचे ८७९ रुपये १० पैसे. दोन स्कूटर आणि एक गाडी असलेल्या घराला १,९४१ रुपये लागले. आपल्यातल्या पुष्कळ घरांना ते जड गेले नाहीत. पण भूम-परंड्याकडच्या एखाद्या शेतमजुराची पंधरा वर्षांची जुनी मोटारसायकल डोळ्यांपुढे आणा. त्याला नोंदणी ऑनलाइन करायची, ओटीपीसाठी चालू मोबाईल नंबर हवा, मिळालेल्या तारखेला केंद्रावर जायचे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. प्लेटच्या ५३१ रुपयांत ही मजुरी कुठेच दिसत नाही.

बरे, मुदत होती ३१ मार्च २०२५. ती वाढत वाढत गेली थेट ३१ डिसेंबरपर्यंत. ज्यांनी सरकारचे ऐकून पहिल्या मुदतीत धावपळ केली, त्यांना गर्दी आणि रांगा मिळाल्या. जे स्वस्थ बसले, त्यांना मुदतवाढ मिळाली. घरात आपण असे वागलो, वेळेवर अभ्यास करणाऱ्या मुलाला कामाला लावले आणि टाळाटाळ करणाऱ्याला सूट दिली, तर दोन्ही मुले काय शिकतील?

दुसरे उदाहरण पासिंगचे. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते. ते उशिरा घेतले तर दर दिवसाला ५० रुपये जादा, असा केंद्राचा २०१६ चा नियम. आपल्या राज्यात २०२४ साली त्याची वसुली सुरू झाली, तेव्हा रिक्षा-टेम्पोवाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती थांबवावी लागली. ५० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण एखाद्याची रिक्षा आजारपणामुळे वर्षभर घरासमोर उभी राहिली, तर ५० गुणिले ३६५ म्हणजे १८,२५० रुपये झाले. गाडी रस्त्यावर आलीच नाही, तिच्यामुळे कोणाला धोका झाला नाही, कमाईही झाली नाही. तरी मीटर चालूच.

आणि मालवाहतूकदारांचा २०२५ चा संप आठवत असेल. १ जुलैच्या मध्यरात्रीपासून राज्यात तो पुकारला गेला. ई-चलनाची सक्तीची वसुली थांबवा, जुनी चलने माफ करा, मोठ्या गाडीवर क्लीनर पाहिजेच ही अट काढा, अशा मागण्या होत्या. शहरात माल उतरवायला जागा कोणी करून दिलेली नसते, पण रस्त्याकडेला उभे राहिले की चलन तयार, ही त्यांची मुख्य तक्रार. त्याच महिन्यात वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, अशा सूचनाही वरून निघाल्या. तक्रारीत काहीच अर्थ नसता तर अशी सूचना काढायची वेळ आली नसती.

इथपर्यंत मी चालकांच्या बाजूची आहे. पण एवढ्यावरून ‘सगळेच नियम जाचक, सगळाच दंड म्हणजे लूट’ असे म्हणायला मी तयार नाही.

केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. आपल्या महाराष्ट्रात १५ हजारांवर. त्या वर्षी हेल्मेट न घालता गेलेले ५०,०२९ होते आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्या कोण असतात, हे आपल्याला सांगायला नको. पदर सावरत, मांडीवर पिशवी घेऊन, एका बाजूला पाय सोडून आपणच बसतो. आणि हेल्मेट म्हटले की ‘इथून इथे तर जायचंय’ असेही आपणच म्हणतो.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाच्या फार जवळची. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. कुंथलगिरीला येणारे-जाणारे संघ आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून, महामार्गांच्या कडेने पायी चालतात. उजाडता उजाडता, धुक्याच्या वेळी. चार हात पुढची जमीन बघून, मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जे पाऊल टाकतात, त्यांच्या अंगावर वेगात आलेली गाडी जाते, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि हळहळतो. मग वेगाच्या मर्यादेला आपण किरकोळ नियम कसे म्हणणार? ईर्यासमिती मुनींनीच पाळायची आणि आपल्या गाडीने मात्र ताशी शंभरने जायचे, हे मला पटत नाही. वेगाबद्दल दंड झाला तर मी तरी त्या दंडाच्या बाजूने उभी राहीन.

कागदांचे नियमही सगळे निरर्थक नसतात. विमा नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे. पण त्या विम्यातूनच अपघातात सापडलेल्या परक्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मिळते. मालकाने हप्ता चुकवला, तर कोणा विधवेने ती भरपाई कोणाकडे मागायची?

मग चालकांचा राग नेमका कशावर आहे? माझ्या समजुतीप्रमाणे नियमापेक्षा दंड करण्याच्या पद्धतीवर आहे. ही पद्धत कशी असावी, हे आपल्या परंपरेने फार बारकाईने सांगितलेले आहे. प्रायश्चित्ताचा विचार करा. आधी आलोचना असते, म्हणजे काय घडले ते गुरूंसमोर सांगायची संधी. मग गुरू दोष केवढा, जाणूनबुजून की नकळत, काळ कोणता, माणसाची शक्ती किती हे पाहतात आणि त्याप्रमाणे प्रायश्चित्त देतात. कोणाला नुसते प्रतिक्रमण पुरते, कोणाला तप, कोणाला छेद. ज्याचा दोष, त्यालाच प्रायश्चित्त. शेजाऱ्याचा उपवास आपल्या नावावर लागत नाही, आणि आपला दोष शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही. प्रायश्चित्ताचा उद्देश माणूस सुधारावा हा असतो, भांडारात पैसे यावेत हा नसतो.

सरकारी दंडाला हे सगळे लागू होणार नाही, हे मला कळते. पण थोडे तरी व्हावे, आणि कायद्यात तशी सोयही आहे. कॅमेऱ्याने होणाऱ्या चलनाबद्दल केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. त्यांत म्हटले आहे की कॅमेरा जिथे आहे तिथे चालकाला दिसेल असा फलक हवा, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, नोटीस गुन्ह्यानंतर १५ दिवसांत पाठवायला हवी, आणि तिच्यासोबत फोटो, वेळ, ठिकाण, कोणते कलम मोडले ते हवे. म्हणजे चालक जे मागतो आहे त्यातले बरेच त्याला आधीच दिलेले आहे, कागदावर. सहा महिन्यांपूर्वीची चलने एकदम पुढे आली की त्या दिवशी काय घडले हे कोणाला आठवणार? आपले आचार्य श्रावकाला खोट्या वजन-मापाचा अतिचार सांगतात. वेग मोजणारे यंत्र हेही मापच आहे. दुकानदाराच्या काट्यावर शिक्का हवा, तसा सरकारच्या काट्यावरही हवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, आणि तो आपल्या घरचा आहे.

आपल्या समाजात बरीच घरे व्यापारातली. कोणाचे किराणा दुकान, कोणाचे कापड, कोणाची आडत, कोणाचे खत-बियाणे. दुकान म्हटले की टेम्पो आला, आणि टेम्पो म्हटला की चालक आला. चलन येते गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या मोबाईलवर. पुष्कळ ठिकाणी ते महिनाअखेरीस सरळ चालकाच्या पगारातून कापले जाते. ‘गाडी तो चालवतो, मग दंड त्याचाच’ असा त्यामागचा सरळ हिशेब.

आमच्या गल्लीत एका टेम्पोचालकाचे बिऱ्हाड आहे. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला त्याची बायको माझ्याकडे आली. सोलापुरात माल उतरवताना नो पार्किंगची दोन चलने झाली होती. पहिल्याला ५०० आणि पुन्हा तोच गुन्हा म्हणून १,५००, असे २,००० पगारातून गेले. पगार १२ हजार. म्हणजे सहावा हिस्सा गेला, आणि तो नेमका वह्या-पुस्तकांचा होता. ती म्हणाली, “काकू, गाडी कुठं लावायची ते मालकच फोनवर सांगतेत. मग पैसं आमचंच कसं कटतं?” तिच्या प्रश्नाला मला काही उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणेच बरोबर होते.

मी बी.कॉम. करताना व्यापारी आणि औद्योगिक कायदे अभ्यासाला होते. त्यात १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. कामगाराला दंड करायचा तर आधी त्याला त्याची बाजू मांडू द्यावी, आणि दंडाची रक्कम त्या महिन्याच्या मजुरीच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असे त्यात होते. पुढे तो हिस्सा ३ टक्के झाला. १२ हजारांचे ३ टक्के म्हणजे ३६० रुपये. मालक दंड करतो तेव्हाचा हा नियम आहे, आणि दुकानाच्या टेम्पोला तो शब्दशः लागू होतो की नाही हा वकिलांचा प्रश्न. पण ज्यांनी तो केला त्यांना एवढे कळत होते की गरिबाच्या पगारातून घाईने काही कापू नये. कुठे ३६० आणि कुठे २,०००!

कापण्यामागे हिशेबाचेही एक कारण आहे, तेही सांगते. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. म्हणजे तो मालकाच्या खिशातूनच जातो, आणि म्हणून तो खाली ढकलायचा मोह होतो. पण खातेवही लिहिताना आपण पहिला धडा काय शिकलो? नोंद ज्याची, त्याच्या खात्यात. तसेच इथे करून पाहू.

विमा संपला, पीयूसी संपले, पासिंग राहिले, नंबर प्लेट बसवली नाही, मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर गेले, क्षमतेपेक्षा जास्त माल भरायला लावला, मालकाने सांगितले तिथे गाडी उभी केली: हे सगळे मालकाच्या खात्यात. मोबाईलवर बोलत गाडी चालवली, सिग्नल तोडला, दारू प्यायला: हे चालकाच्या खात्यात. वेगाचे मात्र विचारून ठरवायचे. ‘अकराच्या आत लातूरला पोहोच’ असे दुकानातून सांगितले असेल आणि गाडी निघालीच उशिरा, तर तो वेग एकट्या चालकाचा नाही. आणि चालकाच्या खात्यात पडला तरी एकदम न कापता दोन-तीन महिन्यांत घ्यावा, तोही त्याच्याशी बोलून. आमच्या घरी पहिल्यापासून ही पद्धत आहे. त्यामुळे दुकान बुडाले नाही, आणि चालक मात्र वर्षानुवर्षे टिकले.

सरकारने विचारल्याशिवाय दंड करू नये, दोष नसताना करू नये, ऐपतीबाहेर करू नये, असे आपण म्हणतो. दुकानाच्या गल्ल्यावर आपण स्वतः सरकार असतो. तिथेही हे तीन नियम पाळायला हवेत.

आता चिरीमिरीबद्दल. चौकात अडवले की पाचशेच्या पावतीऐवजी दोनशे हातात द्यायचे आणि निघायचे, याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. दुकानाच्या वहीत ते ‘किरकोळ खर्च’ म्हणून जातात. पण अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, हे आपण स्वाध्यायात ऐकलेले आहे. राज्याचा नियम चुकवून आडवाटेने जाणे हाही चोरीचाच धाकटा भाऊ. चलन चुकीचे वाटले तर तक्रार करावी, लोकअदालतीत जावे, तिथे बाजू मांडावी. बरोबर असेल तर पावती घेऊन भरावे. पावतीशिवाय दिलेल्या दोनशे रुपयांनी ना रस्ता सुरक्षित होतो, ना आपली सवय सुधारते. आणि ज्याच्या खिशात दोनशे नसतात, तो गरीब चालक मात्र तिथेच अडकून पडतो.

मुलांच्या बाबतीतही थोडे कडक व्हावे लागेल. दहावीच्या मुलाला क्लासला जायला स्कूटर देणे ही आपल्याकडे सर्रास गोष्ट आहे. २०१९ च्या सुधारित कायद्यात यासाठी पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हा नियम मला जाचक वाटत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली कोणाचे लेकरू आले तर ते कोणत्याही दंडाने परत येणार नाही.

घरात लगेच करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगते. एक, गाड्यांची एक वेगळी फाईल करा आणि विमा, पीयूसी, पासिंग यांच्या शेवटच्या तारखा कॅलेंडरवर लिहा, जशा आपण अष्टमी-चतुर्दशी पाहतो. दोन, गाडीच्या नोंदणीत कोणाचा मोबाईल नंबर आहे ते तपासा. बंद पडलेल्या नंबरवर चलन येत राहते आणि घरात कोणालाच कळत नाही. तीन, गाडी दिवंगत सासऱ्यांच्या किंवा यजमानांच्या नावावर तशीच असेल तर ती वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. हल्ली नोंदणीत नॉमिनीचे नावही घालता येते, ते आपले घालून ठेवा. चार, ‘तुमचे चलन बाकी आहे’ म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल आली तर ती उघडू नका. त्यातून खाती रिकामी झालेली आहेत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ असते, तेवढे पाहूनच पैसे भरा.

आणि सरकारकडेही मागायचे आहे. राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक हेच आपल्या धाराशिवचे पालकमंत्री आहेत, असा योग फार थोड्या जिल्ह्यांना मिळतो. आपल्या महिला मंडळांनी त्यांना एक निवेदन द्यावे असे मला वाटते. त्यात तीनच मागण्या असाव्यात. गाडीच्या कागदांची कामे आठही तालुक्यांत ठरलेल्या दिवशी व्हावीत. चलनाची नोटीस नियमाप्रमाणे १५ दिवसांत यावी, आणि ऐकून घेणारा अधिकारी जिल्ह्यातच असावा. आणि ऊस हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर बसवून द्यावेत, न बसवणाऱ्या मालकाला मात्र दंड करावाच. रात्री काळोखात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून माणसे जातात, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. नंबर प्लेटसाठी जेवढी धावपळ झाली, तेवढी या ट्रॉल्यांसाठी एका हंगामात झाली तर पुष्कळ घरांतले दिवे विझायचे वाचतील.

निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतला आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी रविवारी पूजेनंतर सभामंडपात थांबावे. आणि येण्याआधी आपल्या दुकानाच्या चालकाला या वर्षी चलनापोटी किती पैसे कापले, तेवढे वहीतून पाहून यावे.

जय जिनेंद्र.